रडून झालं, पण तिच्याकडे जायचं राहिलंय

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

"ताई, आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांच्या प्रार्थना ग्रुपमध्ये मी बरीच वर्षं आहे, कधी कधी मीच चालवते. माझ्या जवळच्या मैत्रिणीने तिच्या संसारातली एक गोष्ट मला विश्वासाने सांगितली होती. मी ती ग्रुपमध्ये 'तिच्यासाठी प्रार्थना करा' म्हणून सांगितली आणि त्यात स्वतःचा एक अंदाजही घातला, जो नंतर खोटा निघाला. गोष्ट तिच्या सासरपर्यंत गेली. तिने मंडळीत येणं बंद केलं, माझा फोनही घेत नाही. मग एका सभेत मी सगळ्यांसमोर उभी राहिले, खूप रडले, 'मी जिभेचं पाप केलंय, प्रभू मला क्षमा कर' असं म्हणाले. सगळ्या जणींनी जवळ घेतलं, लीडर म्हणाल्या अशी नम्रता प्रत्येकीत हवी. तेव्हा हलकं वाटलं होतं. आता रोज रात्री तीच प्रार्थना करते, रडते, झोप लागत नाही. मी अगदी नीच पापी आहे. माझा पश्चात्ताप खरा होता का? तिच्याकडे जायलाच हवं का, दावीद राजानेही 'तुझ्याविरुद्धच मी पाप केलं' असं देवालाच म्हटलंय ना? मी ग्रुप सोडून देऊ का? आणि येत्या शिबिरात मला पश्चात्तापाच्या अश्रूंवर साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर स्वतःचा अनुभव सांगायला, सांगितलंय, ती देऊ का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं, आणि एक गोष्ट आधीच सांगते, रागावू नका. पत्र मोठं होतं, इथे छापलंय त्याच्या कितीतरी पट, आणि त्यात तुमच्या रडण्याबद्दल, झोपेबद्दल, तुमच्या मनाच्या जडपणाबद्दल पानंच्या पानं आहेत. मैत्रिणीबद्दल मात्र दोनच वाक्यं, ती येत नाही आणि ती फोन घेत नाही. सासरी गोष्ट कळल्यावर तिचं काय झालं, ती आता कुणाशी बोलते, रविवारी काय करते, देवाच्या घरात पाऊल टाकायची तिला भीती वाटते का, याबद्दल एक शब्द नाही. तुम्ही वाईट आहात म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही हं, अपराधी वाटायला लागलं की माणसाचं असंच होतं, आपल्याला आपल्या दुखण्याशिवाय काही दिसेनासं होतं. पण तुमची शांती कुठे अडकलीय ते मला तिथेच दिसलं.

'माझा पश्चात्ताप खरा होता का' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही रोज रात्री तुमच्या भावनांमध्ये शोधताय, पुरेसं रडले का, मन पुरेसं मोडलं का. हे म्हणजे जखम भरतेय का ते बघायला रोज खपली काढणं. बायबलमध्ये पश्चात्ताप अश्रूंवर मोजलेला मला कुठे सापडत नाही. येशूला ओळखत नाही म्हणणारा त्याचा शिष्य पेत्र रडला, अगदी ढसाढसा रडला असं लूक लिहितो. पण येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्यालाही दुःख झालं होतं ना! मत्तयाच्या २७व्या अध्यायात तो परत जातो, 'मी निर्दोष माणसाला धरून दिलं, मी पाप केलं' असं स्पष्ट बोलतो, ३० रुपयेही परत टाकतो. कबुलीही दिली, पैसेही दिले. पण ते सगळं घेऊन तो याजकांकडे गेला, ज्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, ते म्हणाले त्याचं आम्हाला काय, आणि मग तो एकटाच अंधारात गेला. पेत्राकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, पण योहानाच्या शेवटच्या अध्यायात किनाऱ्यावर येशू उभा आहे कळल्यावर तो होडी किनाऱ्याला लागायची वाट बघत नाही, अंगावर वस्त्र गुंडाळून सरळ पाण्यात उडी टाकतो. ज्याला नाकारलं त्याच्याकडेच तो धावला. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की एक दुःख देवाला आवडेल असं असतं आणि त्यातून तारणाकडे नेणारा पश्चात्ताप होतो, आणि एक दुःख जगाचं असतं ते मरणाकडे नेतं (२ करिंथ ७:१०). दोन्ही दुःखं आतून सारखीच दुखतात, म्हणून आत बघून फरक कळत नाही, पाय कुठे चाललेत ते बघून कळतो.

इथेच एक सांगून ठेवते, रात्रीचा हा जडपणा कधी 'मी नसलेलीच बरी' अशा विचारापर्यंत गेला तर तो पश्चात्ताप समजून सोसत बसू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही.

आता त्या सभेबद्दल. तुम्ही खोटं रडलात असं मला अजिबात वाटत नाही. पण बघा, तुम्ही कुणासमोर कबूल केलं? ज्यांचं तुम्ही काही बिघडवलं नव्हतं त्यांच्यासमोर. आणि काय कबूल केलं? 'जिभेचं पाप'. हे इतकं मोघम आहे की खोलीतली प्रत्येक जण मान हलवू शकते, कारण जिभेचं पाप कुणी केलेलं नाही? 'मी अमुक गोष्ट बोलले, ती मला गुपित म्हणून सांगितली होती, आणि त्यातला अर्धा भाग मी मनाने जोडला होता' असं म्हणाला असता तर मिठ्या मारायच्या आधी खोलीत थोडी शांतता पसरली असती, कारण ज्यांनी ते ऐकून पुढे सांगितलं त्यांनाही स्वतःकडे बघावं लागलं असतं. मोघम कबुली कुणालाच टोचत नाही, म्हणून तिचं इतकं छान स्वागत होतं. आणि स्पष्ट बोलते, 'प्रार्थनेसाठी सांगते' म्हणून दुसऱ्याचं घरचं उघडं करणं हे आपल्या प्रार्थना ग्रुपांमध्ये फार चालतं, तुम्ही एकट्या नाही, आणि देवाचं नाव पुढे केलेलं असतं त्यामुळे कुणाला थांबवताही येत नाही. मला याची खरंच चीड येते.

शौल राजाची गोष्ट काढून वाचा, १ शमुवेल १५. त्याला अमालेकी या शत्रूंचं सगळं नष्ट करायला सांगितलेलं असतं, तो त्यांच्या राजाला, अगागला, आणि चांगली चांगली मेंढरं-गुरं ठेवून घेतो, शमुवेल संदेष्टा येतो तर मेंढरांचा आवाज येतोय. शौल आधी म्हणतो हे तर यज्ञासाठी ठेवलंय, म्हणजे बघा, तिथेही देवाच्या नावाखालीच. मग लोकांवर ढकलतो. शेवटी म्हणतो, मी पाप केलंय. दोनदा म्हणतो! पण दुसऱ्या वेळी त्याला जोडून काय मागतो तर, आता माझ्या लोकांच्या वडीलमंडळींसमोर माझा मान राख, माझ्याबरोबर परत चल. पाप कबूल करताना त्याची नजर देवाकडे नव्हती, बघणाऱ्यांकडे होती. तुमच्यात आणि त्याच्यात मोठा फरक आहे, तुम्ही मान मागितला नव्हता, तो तुम्हाला न मागता मिळाला, आणि तो मिळाल्यावर आत काहीतरी पोकळ झालं हे तुम्हाला जाणवलं. ती अस्वस्थता मला चांगली खूण वाटते, पवित्र आत्मा अजून तुमच्याशी बोलतोय. तिला रडून गप्प करू नका.

लूक १८ मधल्या येशूच्या गोष्टीतला जकातदार, लोक ज्याला पापी समजत असा कर गोळा करणारा, तुम्हाला पाठच असेल, दूर उभा राहतो, वर बघायचं धाडस करत नाही, छाती बडवतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर'. त्या गोष्टीत मला एक फार आवडतं की तो नीतिमान ठरून घरी गेला हे येशू ऐकणाऱ्यांना सांगतो, त्या माणसाला देवळात कुणी येऊन सांगत नाही की वा, काय तुझी नम्रता. तो जसा आला तसा गुपचूप गेला असणार. आणि दुसरीकडे परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आठवड्यातून दोनदा उपास आणि सगळ्याचा दशांश, हे सगळं खरंच करणारा माणूस, प्रार्थनेत सगळा वेळ स्वतःचीच माहिती देतो. ताई, आता हे जरा जपून ऐका. तुम्ही लिहिता 'मी अगदी नीच पापी आहे'. परूशी म्हणाला मी किती चांगला, तुम्ही म्हणताय मी किती वाईट, पण दोन्ही प्रार्थनांमध्ये बोलणं फिरून फिरून 'मी'वरच येतं. जकातदाराच्या त्या एवढ्याशा वाक्यात सुरुवात देवाने आहे आणि मागणं दयेचं आहे, आपण किती वाईट याचं वर्णन तो करत बसत नाही. स्वतःला शिव्या घातल्या की नम्र झालो असं आपल्याला वाटतं, पण देवाने एकदा क्षमा केली असं ऐकूनही 'नाही, मी फारच वाईट' म्हणत राहणं यात त्याच्या शब्दापेक्षा आपलंच मत मोठं धरणं होतं. १ योहान १:९ मध्ये साधं वचन आहे, आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे म्हणून क्षमा करील. त्याच्या विश्वासूपणावर ते उभं आहे, तुमच्या रडण्याच्या दर्जावर नाही.

मग दाविदाचं काय. स्तोत्र ५१ मधलं ते 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच' हे वाक्य मी लोकांना ढालीसारखं वापरताना खूपदा ऐकलंय, म्हणून जरा थांबून बघू. दाविदाने बथशेबेला बोलावून घेतलं आणि मग ते झाकायला तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत अशा जागी उभं करायला लावलं की तो मरेल, आणि तो मेला. नाथान संदेष्टा येऊन मेंढीच्या गोष्टीतून त्याला त्याचं पाप दाखवतो तेव्हा उरीया मातीत गेलेला आहे. दाविदाला त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची वाटच उरलेली नव्हती. ते स्तोत्र म्हणजे माणसाकडे न जाण्याची सूट आहे असं त्यातून कसं काढायचं? तो तिथे म्हणतोय की प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्धच असतं, ते खरंच आहे. पण तुमची मैत्रीण जिवंत आहे. दाविदाकडे जे नव्हतं ते तुमच्याकडे आहे.

आणि येशूने तर या बाबतीत काही संशयच ठेवला नाही. मत्तय ५:२३-२४, तू वेदीजवळ अर्पण आणतोस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. उपासना अर्धवट सोडून जा म्हणतोय तो! रोज रात्री तुम्ही वेदीपाशी येताय, तेच अर्पण पुन्हा पुन्हा ठेवताय आणि उठून जात नाही आहात. मला वाटतं देव तुमचं ऐकत नाही असं नाहीये, त्याने ऐकलंय आणि आता तो दाराकडे बोट दाखवतोय. मोशेच्या नियमशास्त्रातही हेच होतं, गणना ५ मध्ये, ज्याने दुसऱ्याचं नुकसान केलं त्याने पाप कबूल करायचं, पूर्ण भरपाई करायची आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा, आणि तो ज्याचं नुकसान झालं त्याला द्यायचा. जक्कय नावाच्या जकातदाराने तर अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट असं सांगितलं. पण तिथला क्रम सोडू नका, येशू आधी म्हणाला मला आज तुझ्या घरी उतरायचंय, चौपट नंतर आलं. त्याने पैसे देऊन येशूला घरी बोलावलं नाही. तुम्हीही तिच्याकडे देवाची क्षमा कमवायला जाऊ नका, क्षमा मिळालेलं माणूस म्हणून जा, म्हणजे तिच्याकडून काही घ्यायची घाई होणार नाही.

जायचं कसं, तर ती फोन घेत नाही म्हणून दारात जाऊन उभं राहू नका, तिला नको असताना घरात शिरणं हा परत तिच्यावर जबरदस्तीचाच प्रकार होईल, आणि सासरच्यांसमोर अजून तमाशा. हाताने चिठ्ठी लिहा, बंद पाकिटात, तिच्याच हातात पडेल अशी. त्यात छोटं आणि नेमकं लिहा. 'तू मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी ग्रुपमध्ये सांगितली. त्यात मी माझ्या मनाचं जोडलं, ते खोटं होतं. त्यामुळे तुझ्या घरात तुला त्रास झाला. चूक माझी आहे. ग्रुपमध्ये जाऊन मी ते खोटं होतं असं सांगायला तयार आहे, पण तुला चालेल तेव्हाच आणि तू म्हणशील तेवढंच. तू उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.' बस. 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं लिहू नका, वाटलंच आहे. 'माझा हेतू चांगला होता' नको. तुम्ही किती रात्री रडलात ते तर मुळीच नको, कारण मग तिला तुमचंच सांत्वन करावं लागेल. आणि 'प्रभूने मला क्षमा केलीय' हे तिला ऐकवू नका, ते खरं असलं तरी तिच्या कानावर ते असं पडेल की वर सगळं मिटलंय, आता तूच काय ती मागे राहिलीस. वचनंही जोडू नका.

चिठ्ठीतली तिच्या परवानगीची ती ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण आता भरपाईच्या उत्साहात तुम्ही ग्रुपमध्ये जाऊन सगळं सविस्तर सांगितलंत तर तिची गोष्ट दुसऱ्यांदा चव्हाट्यावर येईल. ती म्हणाली काहीच बोलू नका, तर ग्रुपमध्ये बोलू नका. मग एकेकीला भेटून एवढंच म्हणता येईल की मी त्या दिवशी जे बोलले ते बोलायचा मला अधिकार नव्हता, कृपा करून ते पुढे नेऊ नका. तेही तिला विचारूनच. जाता जाता, तुमच्या पत्रात तिच्या घरचा बराच तपशील होता, तो मला कळायची गरज नव्हती, मी तो छापला नाही आणि पत्र फाडून टाकलंय.

आणि ती नाही म्हणाली तर? काहीच उत्तर नाही आलं तर? असं होऊ शकतं. नाथानाने दाविदाला त्याच क्षणी सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तरी त्याच्या घरात जे व्हायचं ते झालंच. क्षमा मिळाली म्हणून मैत्री परत मिळेलच असं वचन कुठे नाही. तिला वेळ लागेल, कदाचित वर्षं लागतील, कदाचित ती दुसऱ्या मंडळीत जाईल आणि तिथे तिला बरं वाटेल. तिच्यासाठी प्रार्थना करा, एकटीने, दार लावून, कुणालाही न सांगता.

ग्रुप सोडावा का, तर हे तुमचं तुम्ही ठरवू नका. पाळकांना एकांतात भेटा आणि त्यांना मोघम नाही, नेमकं सांगा, म्हणजे तुम्ही काय केलं ते, तिची गोष्ट काय होती ते नाही. कॅथलिक बहिणींकडे याची पक्की वाट आहे, पापकबुली एकांतात होते, फादरना ती कुणालाच सांगता येत नाही आणि झालेलं नुकसान शक्य तेवढं भरून काढणं हा त्याचाच भाग धरला जातो. तुमच्या मंडळीत तशी पद्धत नसली तरी याकोब ५:१६ आहेच, एकमेकांजवळ पापं कबूल करा. काही महिने ग्रुप चालवू नका असं ते म्हणाले तर ऐका, चालवा म्हणाले तर तेही ऐका. मला भीती वाटते की तुम्ही स्वतःलाच शिक्षा म्हणून सगळं सोडाल. येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राने बापाकडे परत येण्याआधी भाषण तयार केलं होतं ना, मला मुलगा म्हणून नको, मजूर म्हणून ठेवा, आणि बापाने त्याला मजुराच्या वाक्यापर्यंत पोचूच दिलं नाही. शिक्षेचा आकडा मुलाने ठरवायचा नसतो.

रात्रीच्या प्रार्थनेचं म्हणाल तर काही दिवस स्वतःचे शब्द बाजूला ठेवा, ते तुम्हाला त्याच चक्रात नेतात. जुन्या काळापासून मंडळीने सात स्तोत्रं पश्चात्तापाची म्हणून वेगळी धरली आहेत, ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. तुम्ही १३० पासून सुरू करा, आठच ओव्या आहेत, खोल डोहातून हाक मारणारं आहे आणि लगेच म्हणतं, तुझ्याजवळ क्षमा आहे. एकदा वाचा, मोठ्याने, दिवा मालवा आणि झोपा. उद्या परत तेच वाचलंत तरी चालेल. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ साली ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा आहे की विश्वास ठेवणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, म्हणजे एका रात्रीत रडून संपवायची ही गोष्टच नाही, त्यामुळे आज सगळा हिशोब पूर्ण झालाच पाहिजे असा ताण घेऊ नका.

राहिली शिबिरातली साक्ष. देऊ नका. उद्यावर टाकू नका, आजच आयोजकांना फोन करा, मेसेज नको कारण मेसेज फिरतो, आणि सांगा की या विषयावर मला आत्ता बोलता येणार नाही. त्यांनी कारण विचारलं तर म्हणा, ज्या माणसाशी आधी बोलायला हवं त्याच्याशी माझं अजून बोलणं झालेलं नाही. कोण, काय, कधी असं पुढे विचारलं तर उत्तर देऊ नका, त्या वाक्यावर फोन ठेवा आणि चिठ्ठी लिहायला बसा.